ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ताप: आधी काटा, मग कूलर

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा मात्र बहुतेक गाड्यांत नसतो. असलाच तर एक दिवा असतो, आणि तो पेटेपर्यंत तेलाचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. घाट चढताना इंजिनचा काटा मध्यावरून हलत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्याच वेळी गिअरबॉक्समधलं तेल १२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असू शकतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या दुरुस्तीचं बिल ज्यांनी भरलंय त्यांना या न दिसणाऱ्या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. म्हणून जास्तीचा ऑइल कूलर बसवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असं की आधी तापमान मोजा. कूलर लागेल की नाही, केवढा लागेल, हे त्या आकड्यावरून ठरू द्या.

तुमच्या गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे हेही आधीच तपासून घ्या. आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. घाटातल्या रांगेत त्याचा क्लच तापतो, त्यावर ऑइल कूलरचा काही उपाय नाही. सीव्हीटी आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सची तेलं वेगळी आणि मर्यादाही वेगळ्या; त्यांना या लेखातले आकडे लावू नका. हा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांसाठी आहे: फॉर्च्युनर, क्रिस्टाची ऑटोमॅटिक आवृत्ती, २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, हॅरियर आणि त्यांच्या जातकुळीतल्या इतर.

टॉर्क कन्व्हर्टरची कल्पना हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याची. १९०५ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. इंजिनला जोडलेलं एक चाक तेल फेकतं आणि समोरचं चाक त्या तेलाच्या जोरावर फिरतं. दोघांच्या मध्ये घट्ट जोड नसतो. त्यामुळेच गाडी गिअरमध्ये ठेवून सिग्नलला उभी राहू शकते. पण दोन चाकांच्या वेगात जो फरक राहतो, त्यात वाया जाणारी सगळी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. समजा, चढावर इंजिन ५० किलोवॅट देतंय आणि कन्व्हर्टर त्यातले ८० टक्केच पुढे पोचवतोय. उरलेले १० किलोवॅट म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे पाच गीझर एकाच वेळी त्या तेलात चालू आहेत. वेग वाढला की लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकत्र जखडतो आणि ही गळती थांबते. म्हणून ताशी ९० किलोमीटरनं एक्सप्रेस वेवर धावणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स सहसा तापत नाही. तापतो तो सलग सुट्ट्यांच्या आदल्या रात्री बोरघाटात मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गाडीचा, आंबोलीच्या वळणांवर भरल्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्याचा, वाळूत किंवा चिखलात रुतून चाकं फिरवणाऱ्याचा. उष्णता सर्वांत जास्त आणि समोरून येणारा वारा सर्वांत कमी, अशी ती वेळ असते. कूलरची जागा आणि पंखा ठरवताना हे विसरू नका.

आता आकडे. गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलपात्रात, म्हणजे संपमध्ये, ८० ते ९५ अंश हे रोजचं निरोगी तापमान. भर उन्हाळ्यात, घाटात १०५-११० पर्यंत जाऊन खाली आलं तर काळजी नको. ११५ च्या पुढे सतत राहायला लागलं तर तेलाचं आयुष्य झपाट्यानं घटतं. त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि गिअर बदलण्यासाठी तेल वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक मार्गांत वार्निशसारखा थर धरतो. १३५ च्या आसपास रबरी सीलं कडक होऊ लागतात आणि १५० च्या घरात क्लच प्लेटांचं अस्तर जळतं. या रेषा वहीत आखल्यासारख्या काटेकोर नाहीत, तेलागणिक थोड्या सरकतात. तेल फार थंड असणंही बरं नव्हे. ते गरम होईपर्यंत बऱ्याच गाड्यांत लॉक-अप लागतच नाही आणि गिअर बदलताना गाडी आचके देते. अमेरिकी बनावटीचा काटा घेतलात तर तो फॅरनहाइटमध्ये असू शकतो. त्यावर २०० दिसलं म्हणून घाबरू नका, ते ९३ अंश सेल्सिअस. २४० म्हणजे ११६, आणि २६० म्हणजे १२७.

काटा विकत घेण्याआधी एक स्वस्त मार्ग वापरून बघा. अशा आधुनिक गिअरबॉक्सच्या आत तेलाचा तापमान सेन्सर कंपनीनंच बसवलेला असतो. त्याचा आकडा गाडीचा संगणक वापरतो, फक्त तुम्हाला दाखवत नाही. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये लहान ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलच्या अ‍ॅपवर हा आकडा बऱ्याच गाड्यांत वाचता येतो. तो सर्वसाधारण यादीत मिळत नाही, गाडीच्या कंपनीचा वेगळा कोड अ‍ॅपमध्ये भरावा लागतो. तुमच्याच मॉडेलच्या मालकांकडून तो मिळवा आणि पडताळा. पडताळणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी दिसणारा आकडा बाहेरच्या हवेएवढा असला पाहिजे. तसा असेल तर तुमचं अर्धं काम काही न खोलता झालं. मी तर म्हणेन, वॉरंटीतल्या गाडीसाठी हाच मार्ग धरा.

ओबीडीवर आकडा मिळत नसेल, किंवा डोळ्यांसमोर कायमचा काटा हवा असेल, तर सेन्सर कुठे बसवायचा हा मोठा प्रश्न. तीन जागा संभवतात आणि तिन्ही जागी एकाच क्षणी वेगळा आकडा दिसतो. संपमध्ये बसवला तर तेलाचं सरासरी तापमान कळतं. वर दिलेल्या मर्यादा याच जागेच्या आहेत. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या गरम नळीत बसवला तर काटा नाचरा होतो. चढावर काही सेकंदांत १४० दाखवेल, आणि लॉक-अप लागताच खाली येईल. तो इशारा लवकर देतो, पण नवख्या माणसाची झोप उडवतो. कूलरकडून परत येणाऱ्या नळीत बसवलेला सेन्सर कूलर किती काम करतोय एवढंच सांगतो. गिअरबॉक्सची तब्येत त्यावरून कळत नाही, तिथे एकुलता एक सेन्सर लावू नका. माझी पसंती संपला आहे. संप उतरवून त्याच्या बाजूच्या भिंतीला थ्रेडचा बुश वेल्ड करून घ्यायचा. आतला फिल्टर, लोहचुंबक आणि व्हॉल्व्ह बॉडी यांना सेन्सरचं टोक लागत नाही ना, हे वेल्डिंगआधी मोजून घ्यायचं. वेल्डिंगनंतर संप आतून असा धुवायचा की बोट फिरवलं तरी कण लागू नये. ड्रेन प्लगच्या जागी बसणारे सेन्सरही मिळतात, पण खडकाळ वाटेवर पहिला फटका त्यांनाच बसतो. शिवाय काही गिअरबॉक्समध्ये त्या प्लगच्या आतच तेलाची पातळी ठरवणारी उभी नळी असते. तसा प्लग असेल तर त्याला हात लावू नका.

सेन्सर आणि काटा एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे घ्या. सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे विद्युत रोध बदलणारा तुकडा. दुसऱ्या कंपनीचा काटा तोच रोध भलत्या आकड्यात वाचतो. थ्रेडचंही असंच. १/८ एनपीटी हा निमुळता थ्रेड असतो आणि १० मिलिमीटरचा मेट्रिक सरळ. पहिले एक-दोन आटे बसतात म्हणून पान्यानं रेटलं की बुश फुटतो. एक वायरवाल्या सेन्सरची अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होते, तेव्हा त्यावर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका. काट्याला वीज इग्निशननंतर चालू होणाऱ्या वायरवरून, स्वतःचा लहान फ्यूज टाकून द्या आणि त्याच्या दिव्याची वायर डॅशबोर्डच्या दिव्यांना जोडा, म्हणजे रात्री तो मंद होईल. कंपनीच्या सेन्सरची वायर सोलून त्यावर काटा जोडणारे ऑटो इलेक्ट्रिशियन भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्यामुळे संगणकाला चुकीचं तापमान कळतं आणि गिअर बदलण्याचं गणितच बिघडतं. आणि काटा बसवायचा तो पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर नको, तिथे आत पडदा एअरबॅग असू शकते. अपघातात ती फुगताना काटा थेट चेहऱ्यावर येईल. स्टिअरिंगच्या उजवीकडे खालची जागा बरी.

आता लगेच कूलर घेऊ नका. निदान एक उन्हाळा, किंवा तुमचा नेहमीचा घाट भरल्या गाडीनं चढून-उतरून, आकडे लिहून ठेवा. बाहेरचं तापमान, माणसं किती, कोणता घाट, सर्वांत वरचा आकडा आणि तो किती वेळ टिकला. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत काढलेला आकडा आणि जानेवारीतल्या कोल्हापूरचा आकडा यांची तुलना करायची नसते. या काळात चालवण्याची सवयही तपासा, कारण बऱ्याच गाड्यांचा ताप तिथेच उतरतो. चढावर रांग थांबली की काही जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. त्या वेळी चाकं फिरत नाहीत आणि इंजिनची सगळी शक्ती तेल उकळण्यात जाते. ब्रेक किंवा ऑटो-होल्ड वापरा. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदम पंधरा-वीस फूट जा. चढावर मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरला तर कन्व्हर्टरमधली घसरण कमी होते. १२० च्या वर काटा टिकला तर सपाट, सुरक्षित जागी थांबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलमध्ये इंजिन थोडं वाढवून, हजार-बाराशे फेऱ्यांवर, चालू ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कूलरकडे तेल जात नाही, म्हणून न्यूट्रल. इंजिन लगेच बंद केलं तर तेल आहे तिथेच तापत राहतं.

एवढं करूनही नेहमीच्या वापरात आकडा ११५ च्या खाली येत नसेल, तर कूलर घ्या.

कंपनीचा मूळ कूलर बहुधा रेडिएटरच्या टाकीच्या आत असतो, किंवा गिअरबॉक्सवर पाण्यानं थंड होणारा डबा असतो. थंड सकाळी तोच तेलाला गरमही करतो. नवा कूलर त्याच्या जागी न लावता त्याच्या पुढे जोडा: गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी मूळ कूलरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्सकडे. आपल्या हवेत ही मालिका पुरेशी आहे. गाडी हिवाळ्यात स्पिती-लडाखला नेणार असाल तर थर्मोस्टॅटवाला बायपास मधे घाला, म्हणजे थंड तेल नव्या कूलरला वळसा घालून जाईल. गिअरबॉक्सवरच डबा असणाऱ्या गाड्यांत बाहेर तेलाच्या नळ्या नसतात; तिथे त्या मॉडेलसाठी बनवलेला अडॅप्टर लागतो, जुगाड चालत नाही.

मूळ कूलरची जुन्या रेडिएटरमध्ये एक भीती असते. कूलंट संपला की बोअरचं किंवा नळाचं पाणी ओतण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. त्यातल्या क्षारांनी आतला कूलर कुजतो, पाणी तेलात शिरतं आणि तेल गुलाबी दुधासारखं होतं. कूलंट क्लच प्लेटांच्या अस्तराचा गोंद सोडवतो, मग गिअरबॉक्स वाचवणं फार अवघड होतं. रेडिएटर जुना आणि आतून गंजका असेल तर नवा कूलर लावण्याआधी तो बदला.

बाजारात नळी आणि पंखांचे स्वस्त कूलर मिळतात आणि थरांचे, म्हणजे स्टॅक्ड प्लेटचेही. थोडे पैसे जास्त जातात, पण थरांचा घ्या. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता काढतो. वापरलेला कूलर भंगार बाजारातून कितीही चांगला दिसला तरी आणू नका. त्याच्या आधीच्या गाडीचा गिअरबॉक्स जळून गेला असेल तर त्याचा कचरा त्या थरांत अडकलेला असतो आणि तो पूर्ण धुऊन निघत नाही. तुमच्याच गिअरबॉक्सची दुरुस्ती झालेली असेल तर जुन्या कूलरलाही हाच नियम.

जागा एसीच्या कंडेन्सरपुढे, बंपरच्या तोंडाशी, जाळीला न टेकता बोटभर अंतर सोडून. कूलर पट्ट्यांच्या कंसावर बसवा. किटमध्ये प्लास्टिकच्या काड्या येतात, त्या रेडिएटरच्या पंखांमधून आरपार घालून कूलर लटकवतात. आपल्या रस्त्यांच्या हादऱ्यांनी त्या काड्या रेडिएटरच्या नळ्या घासून भोक पाडतात. फेकून द्या. नळ्यांची तोंडं वर किंवा बाजूला असू द्या, खाली केली तर आत हवा अडकते. पुढे बुलबार, मोठे दिवे किंवा विंच लावून वाऱ्याची वाटच बंद केली असेल तर कूलरकडून फार अपेक्षा नको. बुलबारला तर २०१७ पासून बंदीच आहे. रांगेत वारा नसतो हे वर आलंच आहे. त्या वेळी गाडीचा पंखा कूलरमधून हवा ओढेल इतपत कूलर त्याच्या समोर यायला हवा. तशी जागा नसेल तर कूलरला स्वतःचा पंखा, रिले आणि फ्यूजसह लावा.

नळीच्या बाबतीत एक रुपयाही वाचवू नका. ट्रान्समिशन ऑइल कूलरसाठीच बनवलेली, तसा एसएई जे१५३२ हा मानक क्रमांक छापलेली नळी घ्या. पेट्रोलची किंवा रेडिएटरची नळी गरम तेलात काही महिन्यांत मऊ पडते. गिअरबॉक्सचं तेल पेट घेतं. सायलेन्सरच्या किंवा टर्बोच्या तापलेल्या लोखंडावर बारीक फवारा उडाला तर आग लागते. म्हणून नळी एक्झॉस्टपासून, बेल्टपासून, पंख्यापासून लांब न्या, दर वीतभरावर क्लिपनं बांधा आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. कंपनीची धातूची नळी शक्यतो कापू नका, अडॅप्टर मिळतात. कापावीच लागली तर पाइप कटरनं. हॅकसॉचा बुरा थेट व्हॉल्व्ह बॉडीत जातो. टोकाला कंगोरा काढून घ्या, नळी कंगोऱ्याच्या पुढे इंचभर चढवा आणि क्लिप कंगोऱ्याच्या मागे आवळा, रबर कापलं जाईल इतकी नाही.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रवाहाची. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये कूलरकडून परत येणारं तेलच पुढे बुशांना आणि गिअरना वंगण म्हणून जातं. नळी एका वळणावर चिमटली तर काटा थंड दाखवेल आणि गिअरबॉक्स कोरडा झिजेल. म्हणून जोडणी झाल्यावर परतीची नळी मापाच्या भांड्यात सोडून इंजिन चालू करा. साधारण अर्ध्या मिनिटात लिटरभर तेल आलं पाहिजे. धारेत बुडबुडे संपले की लगेच बंद करा आणि जेवढं निघालं तेवढं भरा. कोणती नळी जाणारी आणि कोणती येणारी, हे थंड इंजिन चालू करून हात लावून बघा. आधी गरम होते ती गिअरबॉक्समधून निघणारी.

तेल कंपनीनं सांगितलेलंच. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं लिहिलेलं तेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. १० मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या दर मीटरमध्ये सुमारे ८० मिलिलिटर तेल मावतं, शिवाय कूलरमध्ये काही. तेवढं जास्तीचं लागणार. नव्या गाड्यांना डिपस्टिक नसते. तेल ठरावीक तापमानाला, बहुधा ४० अंशांच्या आसपास, गाडी समतल उभी करून, इंजिन चालू असताना ओव्हरफ्लो प्लगमधून तपासायचं असतं. हे ठरावीक तापमान स्कॅनरवर बघणारा मिस्त्री नसेल तर दुसरा शोधा. पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो, जास्त असली तर तेलाला फेस येतो. दोन्हींत गिअर घसरतात. पहिल्या फेरीनंतर आणि पुन्हा आठवड्यानं, गाडी रॅम्पवर घेऊन प्रत्येक जोड कोरड्या कापडानं पुसून बघा.

वॉरंटी असेल तर काम करण्याआधी डीलरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘चालेल’ नंतर कोणाला आठवत नाही.

आणि कूलरकडून एका गोष्टीची अपेक्षा ठेवू नका. तेल आधीच तपकिरी पडलंय, जळका वास येतोय, गिअर लागायला वेळ घेतोय, अशा गाडीला कूलर बरं करत नाही. आधी तेल बघून घ्या. साध्या ड्रेनमध्ये तीन-चार लिटरच बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे पूर्ण बदलायला दोन-तीन फेऱ्या लागतात. ‘लाइफटाइम तेल’ असं पुस्तकात लिहिलेल्या गाडीलाही घाटाचा नेहमीचा वापर असेल तर मी साठ हजार किलोमीटरला ते बदलायला सांगतो. मोजणीच्या काळात काटा कधी १३० च्या वर गेला असेल तर तेवढीही वाट पाहू नका. जळलेलं तेल थंड झालं तरी पुन्हा नवं होत नाही.